परके झालेले चढ

चांदवडला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मनमाड नाहीतर लासलगाव गाठायचं. म्हणूनच एकेकाळी घरात सायकल असण्याला आमच्याकडे फार मोल होतं. आमच्याकडे वडिलांनी घेतलेली काळी ॲटलस होती. सळईचे ब्रेक, कातडी सीट आणि मागे भक्कम कॅरिअर. होळकरांच्या रंगमहालाच्या आसपासच्या गल्ल्यांत, नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत मी ती शिकलो. कॉलेजला जायला लागलो आणि ती माझीच झाली.

त्या सायकलनं मला चांदवडचा भूगोल शिकवला. मुंबई-आग्रा रस्त्यावर रेणुकामातेच्या देवळाजवळ चढ लागला की सीटवरून कुठे उठायचं, दम कुठपर्यंत राखून ठेवायचा, हे पोटऱ्यांना पाठ होतं. मे-जूनमध्ये मनमाडला जाताना पश्चिमेचा वारा पाठीशी असे. सायकल आपसूक पळे. परतताना तोच वारा छातीवर येई आणि तेवढंच अंतर संपता संपत नसे. कुठल्या वळणावर कडुनिंबाची सावली आहे आणि कुठल्या वस्तीवर हक्कानं पाणी मागता येतं, हेही तिच्यामुळेच कळलं.

दर पावसाळ्याआधी तिचं ओव्हरहॉलिंग व्हायचं. मिस्त्री हब खोलून छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवं ग्रीस भरायचे. मग सायकल उलटी करून चाक फिरवायचे आणि रिमजवळ खडू धरायचे. जिथे खडूची रेघ उमटे तिथे चाक आऊट. तिथे विरुद्ध बाजूचे आरे ते पान्यानं किंचित आवळत, त्या बाजूचे किंचित सैल करत. रेघ उमटायची थांबली की चाकावरचा हात काढत. डाव्या क्रँकची कॉटर पिन मात्र कधीच पक्की बसली नाही. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक्' असा आवाज येई. त्या आवाजावरून घरच्यांना मी आल्याचं कोपऱ्यावरूनच कळायचं.

२००३ साली घरात मोटारसायकल आली. ओसरीवर दोन्ही मावेनात, म्हणून ॲटलस विकली. भाव रास्त मिळाला, घेणारा माणूसही चांगला होता. तरीही ती विकल्याचं दुःख अजून गेलेलं नाही, उलट वर्षागणिक वाढतंच आहे. मोटारसायकलवर रेणुकामातेचा चढ मूठ पिळली की संपतो, पाठीचा वारा आणि छातीवरचा वारा सारखेच वाटतात. पुढे महामार्ग चौपदरी झाला आणि सायकलवाल्याला त्या रस्त्यावर जीव मुठीत धरूनच जावं लागू लागलं. पायांना पाठ असलेला रस्ता असा दोन्हीकडून सुटला.

काही वर्षांनी बाजारात गर्दीतून 'टक्' ऐकू आलं. वळून पाहिलं तर तीच. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, सीटला नवं रेक्झिन. मी घेणाऱ्याला गाठून परत देता का म्हणून विचारलं, दामही जास्त सांगितला. तो म्हणाला, "भाऊ, मंग दूध काय डोक्यावर न्यायचं का?" त्याचं खरंच होतं. माझी आठवण होती, त्याचा संसार होता. सायकल चालती होती, याचं समाधान मानून मी बाजूला झालो.

३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनीच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडल्याची बातमी वाचली. १९५१ मध्ये सोनीपतला सुरू झालेली ही कंपनी. गावोगावचे मास्तर, पोस्टमन, दूधवाले तिच्या सायकलींवर फिरले. बातमी वाचून घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

आता माझ्याकडे गिअरची सायकल आहे. हलकी आहे, चढाला सोपी आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण जुन्या सायकलच्या सीटची उंची, हँडलचा कल, ब्रेकचा ताण हे सगळं आधी वडिलांच्या आणि मग माझ्या हाताखाली वर्षानुवर्षं जुळत आलं होतं. ते जुळणं कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

म्हणून ज्यांच्या ओसरीवर अशी सायकल अजून उभी आहे त्यांना माझं मनापासून सांगणं आहे: कुणी दाम विचारला तर तो लोखंडाचा दाम आहे, हे ध्यानात घ्या. अडचण होत असेल तर भिंतीला खुंट्या ठोकून वर टांगा, पण विकू नका. आणि पावसाळ्याआधी हबमध्ये ग्रीस भरून घ्या.