साडेचारशेची गाडी अडीचशेतच का दमते?

विजेच्या गाड्यांची रेंज मोजणं हे माझं रोजचं काम. नोकरी पुण्यात आणि गाव बावडा, तालुका इंदापूर. त्यामुळे सणासुदीला गावी गेलं की ओट्यावर पहिला प्रश्न रेंजचाच निघतो. आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, विजेची गाडी घेतली आणि तेव्हापासून या प्रश्नाला जरा धार आली आहे. "आरं, कंपनी म्हणती साडेचारशे किलोमीटर. मग हायवेला लागली की अडीचशेतच का दमती? फसवलं का आपल्याला?"

तात्यांना जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितो. कंपनीचा आकडा खोटा नसतो, तो सरकारमान्य चाचणीतून आलेला असतो. पण पुणे-सोलापूर हायवेवर हमरस्त्याच्या वेगानं निघालेल्या माणसाला तो कधीच मिळत नाही, हेही तितकंच खरं. ज्या चाचणीतून आकडा निघतो तिचा साचाच आपल्या प्रवासाला अपुरा आहे, आणि तो बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

चाचणी कशी होते ते पाहू. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. बंद खोलीत जमिनीत बसवलेल्या पोलादी रोलरवर तिची चाकं ठेवतात, पट्ट्यांनी तिला जागेवर आवळतात, समोर मोठा पंखा लावतात. गाडी धावते, पण जागच्या जागी. रोलरनं चाकांना किती विरोध करायचा, तो आकडा आधी ट्रॅकवर काढलेला असतो. तिथं सपाट, सरळ रस्त्यावर गाडी वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती सेकंदांत मंदावते ते मोजतात. खोलीत ड्रायव्हरसमोर पडदा असतो. पडद्यावर वेगाची रेघ पुढे सरकत राहते आणि पायाखालच्या पॅडलनं त्या रेघेला चिकटून राहायचं असतं. रेघ चढली की दाबायचं, उतरली की सोडायचं. बॅटरी थकून गाडी रेघ गाठू शकत नाही तोवर तासन् तास हेच. खोलीचं तापमान वीस ते तीस अंशांत राखलेलं. एसी बंद, काचा बंद. वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही, मागच्या सीटवर बसलेली माणसं नाहीत.

आणि रेघ कोणती? भारतीय चाचणीचं एक आवर्तन ११८० सेकंदांचं असतं. शहरी भाग चार वेळा येतो, त्यात वेग ५० च्या वर जात नाही आणि सरासरी जेमतेम १९ पडते. त्यानंतर शहराबाहेरचा ४०० सेकंदांचा भाग, त्यात कमाल वेग ९०, तोही थोडाच वेळ. या साच्याचं मूळ १९७० च्या सुमाराच्या युरोपात आहे, आणि तो बेतला होता पेट्रोल गाड्यांचा धूर मोजायला. सिग्नलवर थांबलेली पेट्रोल गाडी इंधन जाळत राहते, विजेची गाडी जवळजवळ काहीच खात नाही. उलट ब्रेक लावताना थोडी वीज परत कमावते. म्हणजे थांबत-चालत जाणं हे पेट्रोलचं दुखणं आणि विजेची मौज. जुनी चाचणी विजेच्या गाडीला फळते ती यामुळे. युरोपनं हा साचा सोडून २०१७ पासून जास्त वेगाची, १३१ किलोमीटरपर्यंत जाणारी चाचणी लागू केली. अमेरिकेत तर प्रयोगशाळेतल्या आकड्याला सर्वसाधारणपणे ०.७ नं गुणून मगच तो गाडीवर चिकटवतात. एवढी साधी तजवीज आपल्याकडे अजून नाही.

एकाच गाडीचे तीन आकडे बघा. टाटांची कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. ५५ युनिटच्या बॅटरीवर तिची रेंज फक्त शहरी भागाच्या चाचणीत ५८५ किलोमीटर, शहरी आणि शहराबाहेरचा असे दोन्ही भाग धरून ५०२, आणि बहुतेक ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल म्हणून कंपनीनंच सांगितलेली ४०० ते ४२५. गाडी तीच, बॅटरी तीच. तिसरा आकडा कंपनीनं स्वतःहून लोकांपुढे ठेवला, ही मला चांगली गोष्ट वाटते. पण जाहिरातीत ठळक अक्षरात कोणता छापला जातो, ते वाचकांनी पाहिलंच असेल.

वर मी मुद्दाम युनिट म्हटलं. कंपन्या किलोवॉट-तास म्हणतात, महावितरणच्या बिलात त्यालाच युनिट म्हणतात. गाडीचा हिशोब युनिटमध्ये करायची सवय लावली की निम्मा गोंधळ मिटतो. पूर्वी लिटरमागे किती देते असं विचारायचो, आता युनिटमागे किती देते असं विचारायचं. कर्व्हचे वरचे तीन आकडे म्हणजे युनिटमागे साडेदहा, नऊ आणि साडेसात किलोमीटर.

आता आपला रस्ता घ्या. हडपसर सोडलं, लोणी काळभोर, उरुळी कांचन मागं टाकलं की यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवण, इंदापूर असा चौपदरी रस्ता आहे. गाड्या शंभरनं पळतात. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे ६० वरून १०० वर गेलं की तो पावणेतीन पटींहून अधिक होतो. मध्यम आकाराच्या, सतराशे किलोच्या उंच गाडीचा हिशोब मांडला तर एसीशिवाय ६० च्या संथ वेगात युनिटमागे नऊ-साडेनऊ किलोमीटर निघतात. एसी लावून ८० ला सात आणि १०० ला साडेपाच ते सहा. चाळीस युनिटची बॅटरी असेल तर १०० च्या वेगात सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरमध्ये ती संपते. तात्यांची गाडी दमत नाही, तिचा हिशोब बरोबर चालला आहे. हडपसर ते इंदापूर शंभरऐवजी ऐंशीनं गेलं तर वीसेक मिनिटं जास्त लागतात आणि पाचेक युनिट वाचतात. पाच युनिट म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. चार्जर शोधायची वेळ आली तर ही वीस मिनिटं फार स्वस्त पडतात.

या भागात राहणाऱ्याला आणखी दोन-तीन गोष्टी ठाऊक हव्यात. एप्रिल-मे मध्ये इंदापूर-बारामतीत पारा चाळीस ओलांडतो. उन्हात तापलेली गाडी थंड करताना एसी सुरुवातीला भरपूर वीज ओढतो, मग स्थिरावतो. हायवेवर त्याचा भार आठ-दहा टक्क्यांच्या आसपास. मात्र हडपसरच्या कोंडीत ताशी पंधरानं सरकताना दीड किलोवॉटचा एसी दर किलोमीटरला युनिटचा दहावा हिस्सा खातो, म्हणजे गाडी चालवायला जेवढी वीज लागते जवळजवळ तेवढीच. दुसरी गोष्ट वाऱ्याची. जून-जुलैत आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो. तुकोबांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीकडे जाते त्या दिवसांत पुण्याकडे गाडी हाकून पाहा. समोरून ताशी वीसचा वारा आणि गाडी ८० ला, म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीनं गाडी १०० ला. विरोध दीडपटीहून अधिक. परतताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून एकाच बाजूचा प्रवास पाहून गाडीबद्दल मत बनवू नये.

घाटाची धास्ती मात्र लोक उगाच घेतात. सासवडकडे जाताना दिवे घाटात साधारण दोनशे मीटर चढावं लागतं. सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला एक युनिटही पुरतं, आणि उतरताना त्यातलं बरंच परत मिळतं. खोपोलीहून लोणावळ्याला चढायला अडीच-तीन युनिट लागतात, तो आकडा ध्यानात ठेवावा. आणि गळीत हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागं चाळीसनं जावं लागतं तेव्हा डॅशबोर्डवरची रेंज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाते. चालवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो, पण चाचणीतला आकडा खऱ्या रस्त्यावर दिसायची तीच एक वेळ.

डॅशबोर्डवरच्या त्या आकड्यावरही फार विसंबू नये. मागच्या काही किलोमीटरचा खप पाहून गाडी पुढचा अंदाज बांधते. शहरात फिरून हायवेला लागलेल्या गाडीला वेगाची चाहूल नसते. म्हणून हडपसरला तीनशे दाखवणारी गाडी भिगवणला धडाधड आकडा उतरवते आणि माणूस घाबरतो. आकडा न बघता टक्के बघावेत.

चार्जिंग धरलं की हिशोब आणखी आखडतो. हायवेवर कुणी बॅटरी शून्यापर्यंत नेत नाही आणि फास्ट चार्जरवर ऐंशी टक्क्यांच्या पुढं वेग मंदावतो, म्हणून दहा ते ऐंशी एवढाच पट्टा खरा कामाचा. चाळीस युनिटच्या गाडीत तो अठ्ठावीस युनिटचा, म्हणजे शंभरच्या वेगात एकशे साठ किलोमीटर. बावड्याहून पुणं साधारण तेवढंच आहे. घरून पूर्ण भरून निघालात तर पुणं बिनघोर गाठाल, पण परतीला वाटेत किंवा पुण्यात चार्जिंग करावंच लागेल. बारामतीला जाऊन येणं किंवा नीरा ओलांडून अकलूजला बाजारहाट, याला बाजारातली बहुतेक कोणतीही विजेची गाडी पुरते. घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर अशी गाडी रात्रभर, बारा-तेरा तास लावावी लागते, आणि बॅटरीत चाळीस युनिट भरले तर मीटरवर चव्वेचाळीस-पंचेचाळीस पडतात. ती गळती रेंजच्या कोणत्याच जाहिरातीत नसते, बिलात मात्र असते.

हा वाद आपल्यापुरता नाही. मार्च २०२१ मध्ये दिल्ली सरकारनं जाहीर रेंज मिळत नसल्याच्या तक्रारीवरून नेक्सॉन ईव्हीचं अनुदान थांबवलं होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगानं थंडीत रेंज किती घटते हे ग्राहकाला न सांगितल्याबद्दल टेस्लाला २८५ कोटी वॉनचा दंड केला. कोरियाचा मार्ग मला योग्य वाटतो. त्यांनी गाडी वाईट ठरवली नाही, अर्धी माहिती देणं चूक ठरवलं. आपल्याकडे २०२४ पासून शहरी आणि शहराबाहेरचा असे दोन्ही भाग धरलेला आकडा पुढे येऊ लागला, हे योग्य पाऊल आहे. पण त्यातही ९० च्या वरचा वेग नाही आणि एसी नाही. ताशी १०० चा स्थिर वेग, एसी चालू, बाहेर चाळीस अंश, अशी तिसरी चाचणी त्याच रोलरवर सहज घेता येते. ज्या प्रयोगशाळांत तापमान हवं तसं राखता येतं त्या देशात आहेत, माणसंही आहेत. नियमात एक ओळ वाढवायची आहे आणि ती परिवहन मंत्रालयानं वाढवावी.

ती ओळ येईपर्यंत इंदापूर-बारामतीच्या वाचकांना एवढंच सांगेन: शोरूमवाल्यानं गावातून चक्कर मारून आणली तर समाधान मानू नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि गाडी इंदापूरहून भिगवणपर्यंत हायवेनं न्या, परत आणा. एका युनिटमागे किती किलोमीटर पडले ते वाचा, बॅटरीच्या युनिटनं गुणा, आणि मगच टोकनचे पैसे द्या.