गोड्या पाण्याचा किल्ला

उमरग्यातून जाणारा महामार्ग पूर्वेला हैदराबाद ओलांडून थेट मछलीपट्टणपर्यंत, बंगालच्या उपसागरापर्यंत पोचतो. म्हणजे आमच्या दारातल्या रस्त्याच्या एका टोकाला समुद्र आहे. तरीही आईला समुद्र दाखवायचं ठरलं तेव्हा पूर्वेचं नाव कुणी काढलं नाही. समुद्र म्हणजे सिंधुदुर्ग, हे आमच्या घरात चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून पक्कं होतं. सत्तरी ओलांडलेल्या आईने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. गेल्या डिसेंबरात मी, बायको, मुलगी आणि आई असे चौघे आमच्या जुन्या गाडीतून निघालो. आईने सोबत कडक भाकरी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, आणि घरच्या पाण्याचे दोन कॅन. रस्त्यात पाणी मिळतं हे तिला पटत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली आहे, मिलोची भाकरी खाल्ली आहे. तिचं पाण्याबद्दलचं मत बदलायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

सोलापूर सोडून आम्ही मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटरीत आलेली. इथेच दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा आईने नातीला सांगितली आणि ती सांगताना तिचा आवाज घरातला राहिला नाही, कीर्तनातला झाला. पुढे सांगोल्याची डाळिंबं, मग मिरज. मिरज स्टेशनची पाटी दिसताच गाडीत सगळेच गप्प झालो. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेकीत ५० हजार लिटर पाणी. लातूर आमच्यापासून जवळ. त्या वर्षी आमच्याकडचे कितीतरी नातेवाईक तिथे रांगेत उभे होते. ज्या वाटेने पाणी आमच्या मुलखाकडे आलं, त्याच दिशेने आता आम्ही पाण्याकडे चाललो होतो.

कोल्हापूरनंतर हवा बदलते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आमच्याकडे सात-आठशे झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. डिसेंबरातही घाटातल्या कातळाला ओल होती. खाली उतरलो तशी माती तांबडी झाली, घरांचे दगड तांबडे झाले. हा जांभा. आमच्या काळ्या दगडापुढे तो मऊ आणि भोकाभोकांचा वाटतो, पण कोकणातली घरं, गडगे, विहिरी सगळं त्याच्यातच घडलं आहे.

पहिला मुक्काम विजयदुर्गला. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा भोज दुसरा याने बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंकला. म्हणजे एके काळी आमचं नळदुर्ग आणि हा विजयदुर्ग एकाच दरबाराच्या हुकमात होते. नळदुर्गात इब्राहिम आदिलशहाने १६१३ मध्ये बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. इथे तटाच्या तिन्ही बाजूंना खारं पाणी, आणि तटाच्या आत पावसाचं पाणी धरून ठेवणारं मोठं तळं. बांधणारे कुणीही असोत, आधी पाण्याची सोय पाहायचे.

विजयदुर्गाच्या तटावर उभं राहिलं की १७५६ चा फेब्रुवारी आठवल्याशिवाय राहत नाही. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनचं आरमार आलं, क्लाइव्ह बरोबर होता. लढाईत आंग्र्यांचं अख्खं आरमार जळून गेलं आणि किल्ला पडला. पेशव्यांचा हा निर्णय मला आजही सलतो. घरातला वाद होता, तो घरात राहायला हवा होता. जी गलबतं इंग्रजांना, डचांना, पोर्तुगिजांना पन्नास वर्षं धाकात ठेवत होती, ती आपल्याच संमतीने एका रात्रीत गेली, आणि पुढे समुद्रावर मराठ्यांना तशी ताकद कधी उभी करता आली नाही.

वॉटसनच्या मुख्य जहाजाचं नाव ‘केंट’ होतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या परगण्याचं ते नाव. माझा एक भाचा नोकरीसाठी तिकडे असतो. सुट्टीत गाडी काढून तो केंटचे किनारी किल्ले पाहत फिरला होता. फोनवर तो भरभरून बोलला ते डोव्हरच्या किल्ल्याबद्दल. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीने बांधलेल्या तिथल्या मुख्य बुरुजाच्या आतच एक विहीर आहे, चुनखडीच्या डोंगरात शंभरेक मीटर खोल खणलेली. आमचा विजयदुर्ग ज्या काळात उभा राहत होता, साधारण त्याच काळातली. ही विहीर मी आईला समजावून सांगितली. जहाजाच्या नावात तिला रस नव्हता, पण शंभर मीटर खणलं हे ऐकून ती म्हणाली, “आन् लागलं का पानी?” लागलं, म्हटल्यावर तिने मान डोलावली.

विजयदुर्गाहून देवगडमार्गे किनारा धरून मालवणला आलो. मिठमुंबरीचा पूल, कुणकेश्वरचं समुद्राला खेटून असलेलं देऊळ, आचऱ्याचा रामेश्वर. हापूसच्या बागांत नुकता मोहोर दिसू लागला होता. या रस्त्यावर घाई करू नये एवढंच सांगतो. कुणकेश्वरला आई पहिल्यांदा समुद्रात पाय भिजवून उभी राहिली. पायाखालची वाळू सरकते म्हणून तिने नातीचा दंड घट्ट धरला. मग ओंजळभर पाणी घेऊन तिने जिभेला लावलं, थुंकलं, आणि बराच वेळ काही बोलली नाही. एवढं पाणी, आणि एक घोट पिण्याजोगं नाही, याचा तिला मनापासून त्रास झाला.

मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्गाला जायला फार वेळ लागत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात. होडीवाल्याने विचारलं, “खयसून इलास तुमी?” उमरगा म्हटल्यावर त्याला कळलं नाही, तुळजापूरच्या पुढे म्हटल्यावर त्याने हात जोडले. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला पायाभरणी झाली आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालं. पायाचे दगड शिसं ओतून बसवले. बेटाची वळणं जशी, तसाच तटही नागमोडी फिरतो, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला दरवाजा कुठे आहे ते जवळ येईतो कळत नाही.

आत शिरताच सावली पाहून आम्ही तटाला टेकलो. आई टेकली नाही. तटापासून लांब, उन्हात उभी राहिली. बायको म्हणाली, “आत्या, या ना इकडं.” आई तिथूनच म्हणाली, “ह्यो दगुड पडायचा न्हाई का?” मला एकदम उमगलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आमच्या तालुक्यात आणि औशाकडे माणसं मेली ती दगडी भिंतींखाली. हात-दोन हात जाडीच्या भिंती, दगड मोठे आणि आत नुसती माती. सुमारे दहा हजार माणसं गेली. आमचं गावाकडचं घर तेव्हाच पडलं. त्यानंतर आई दगडी भिंतीच्या आडोशाला झोपत नाही.

मी तिला तटाजवळ नेलं आणि सांध्यांत बोट फिरवायला लावलं. चुना कसा घट्ट बसला आहे, एक दगड दुसऱ्यात कसा अडकवला आहे, हे तिने आपल्या हाताने पाहिलं. साडेतीनशे वर्षं दर पावसाळ्यात समुद्र या तटावर आदळतो आहे, हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे दगडाचा दोष न्हवता.” मग ती तटाला पाठ लावून बसली. भूकंपानंतर आमच्याकडे दगडाचं घर बांधायला लोक आजही भितात. दोष बांधणीचा होता हे अभियंत्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण आईला ते या तटाने पटवलं.

किल्ल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. महाराजांच्या हातापायाचे चुन्यातले ठसे आहेत. आई दोन्हीकडे नमस्कार करून आली, पण तिचं सारं लक्ष विहिरींकडे होतं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी इथे आहेत. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. त्यांतल्या एका बाईंना आईने विचारलं, “उन्हाळ्यात आटतीय का?” त्या म्हणाल्या, गावातल्या विहिरी तळाला गेल्या तरी इथे पाणी असतं. आईने पाणी मागून घेतलं, प्यायली, आणि माझ्याकडे वळली, “एवढ्या खाऱ्यात गोड आलं कुठनं?”

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं. अशा बेटांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि मुरलेलं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय राहावी तसं. हळूहळू, गरजेपुरतं उपसलं तर ते टिकतं. हावरेपणाने उपसलं तर खालचं खारं वर येतं. आई म्हणाली, आमच्याकडं बोअरचं तेच झालं, खारं आलं न्हाई पर धूळ आली. उमरग्याच्या शिवारात पाचशे-सातशे फुटांवर गेलेली बोअर पाहिलेल्या माणसाला या दोन-तीन पुरुष खोल विहिरीपुढे उभं राहून काय वाटतं, ते मालवणातल्या कुणाला सांगून कळणार नाही. महाराजांनी जागा निवडताना बेट मोठं, खडक भक्कम हे पाहिलंच असेल. पण गोडं पाणी नसतं तर हा किल्ला चार महिनेही लढला नसता.

कोकणालाही टंचाई आहे, हे आम्हाला मालवणात मुक्कामाच्या घरी समजलं. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांवर टँकर येतो, कारण डोंगर ते समुद्र अंतर थोडं, नद्या आखूड, आणि पाणी थांबत नाही. घरच्या काकूंनी आईला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं आणि दोघी पाण्यावर उशिरापर्यंत बोलत बसल्या.

वेंगुर्ल्याची पडकी डच वखार आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी धावतपळत पाहून आंबोलीच्या घाटाने परत चढलो. आंबोलीत महादेवाच्या देवळापाशी, गुहेतून हिरण्यकेशी उगम पावते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, पण ही नदी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेतून कृष्णेला. आमच्या तालुक्यातली बेनीतुरा कर्नाटकात कागिण्याला मिळते, कागिणा भीमेला, भीमा कृष्णेला. मी हे सांगितलं आणि परतीचा सगळा प्रवास आईने पूल मोजण्यात घालवला. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर, तिथवर हिरण्यकेशी कधी डावीकडे कधी उजवीकडे. मग वेदगंगा, दूधगंगा, पंचगंगा, अंकलीला कृष्णा, बेगमपूरला भीमा, सोलापूरच्या अलीकडे सीना. प्रत्येक पुलावर गाडी हळू करायची आणि ती विचारायची, “हिचं पानी कुठं जातंय?” उत्तर दरवेळी कृष्णा. नळदुर्गला बोरी आली तेव्हा तिने विचारलं नाही. धरणात पाणी किती आहे ते बघू दे म्हणून गाडी बाजूला घ्यायला लावली, आणि पावसाळ्यात धरण भरून पाणीमहालावरून नर-मादी धबधबे सुटतील तेव्हा पुन्हा यायचं, हे तिथेच ठरवून टाकलं.