आठ सुतांचा इंच

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. हा दशांश मला आयटीआयत कळला. सूत मात्र अक्षरओळखीच्याही आधीपासून ओळखीचं. आमचं घर सुतारांचं. फळी हातात देताना अण्णा सांगायचे, "रेघेच्या बाहेर सूतभर राहू दे, ते रंध्यात जाईल." सुताखाली अर्धं सूत, मग पाव सूत आणि त्याच्याही खाली केसभर. केसभर काही पट्टीवर नव्हतं, पण अण्णांच्या दाराच्या फटीत ते बरोबर उतरायचं.

इंचाचे भाग आठच का, दहा का नाहीत? दोरी दुमडली की निम्मी होते, पुन्हा दुमडली की पाव, तिसऱ्यांदा आठवा भाग. दहा सारखे भाग असे दुमडून पडत नाहीत. हाताला निम्मं करणंच सगळ्यात खात्रीचं जमतं. पुढे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं मापांचं कोष्टक वाचलं आणि अंगावर काटा आला. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकाने उडवलेला एक धूलिकण, तसे आठ म्हणजे एक लीख, आठ लिखांची ऊ, आठ उवांचा यव, आठ यवांचं अंगुळ. पाच वेळा आठ! अंगुळ पावणेदोन सेंटिमीटरचं धरून मी ३२,७६८ ने भागलं, तर परमाणू अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास निघाला. इतकं बारीक कुणी मोजलं नसणार. पण निम्म्याचं निम्मं करत कुठवर जाता येतं, हे कुणीतरी नेटाने मांडून ठेवलं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आठ यवांचं अंगुळ आणि चोवीस अंगुळांचा हात आहे. तिकडे इंग्लंडने इंच ठरवला तो बार्लीच्या तीन दाण्यांवर. धान्य तेच, जव. आपण दाणे पोटाला पोट लावून मांडले, त्यांनी टोकाला टोक लावून. इंग्रजी नंबरच्या बुटांत सात आणि आठमध्ये आजही त्या एका दाण्याचं, म्हणजे इंचाच्या तिसऱ्या भागाचं अंतर असतं.

लेथवर उभा राहिलो तेव्हा थाऊ भेटला, इंचाचा हजारावा भाग. एका सुतात सव्वाशे थाऊ. एकदा अण्णांच्याच डोक्यावरचा केस मायक्रोमीटरमध्ये धरला; तीन थाऊच्या आसपास भरला. अण्णांनी आकडा दोनदा विचारून घेतला. जन्मभर जे माप बोटांनी ओळखलं, त्याला आकडा मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली. ती यायलाच हवी होती. पण बाजाराच्या तोंडी सूत राहिलं, आणि खरी काळजी इथे घ्यावी लागते. लोखंडाच्या दुकानात १० एमएमच्या सळईला तीन सुती म्हणतात, १२ ला चार सुती, १६ ला पाच सुती. खरे चार सूत म्हणजे १२.७ मिलिमीटर. वरचे ०.७ किरकोळ वाटतात, पण सळई किती ताण घेणार हे तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि ते अकराएक टक्क्यांनी घटतं. जुन्या नकाशात अर्धा इंच लिहिलं असेल आणि "चार सुती द्या" म्हणून सळई आणली, तर ही घट कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लायचंही तसंच. १८ एमएमच्या प्लायला सर्रास सहा सुती म्हणतात. खाच खरोखर सहा सुतांची पाडली तर ती मिलिमीटरभर सैल होते, फळी खुळखुळते.

"सूत म्हणजे तीन एमएम" हा हिशेब एका सुतापुरता ठीक. आठ सुतांचे त्याने चोवीस होतात, इंच तर २५.४ चा. दहा इंचांवर चौदा मिलिमीटर गेले! म्हणून हाताखालच्या पोरांना मी सांगतो: आधी सगळं माप सुतांत मिळवा, आठने भागा, मग एकदाच २५.४ ने गुणा. आकडा गोल करायचा तो अगदी शेवटी, मध्ये कुठेही नाही.