नुसता माळ

सोलापूरला निघालेल्या माणसाला घरून दोनच गोष्टी आणायला सांगतात: चादर आणि शेंगांची चटणी. तिथे मुद्दाम पाहण्यासारखे काही असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. सिद्धेश्वराचे तळे, भुईकोट किल्ला, आणि वाट थोडी वाकडी केली तर पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट. पण तेही पुण्य जोडायला. त्यामुळे पौषात हुरड्याच्या निमित्ताने मेहुण्यांकडे गेलो असताना ‘मला नान्नजचा माळ पाहायचा आहे’ असे मी म्हणालो, तेव्हा मेहुण्यांनी आधी सौ.कडे पाहिले. माझी प्रकृती ठीक आहे ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

“दाजी, काय बघणार हाय तितं? नुसता माळ हाय!”

मराठीचा मास्तर असल्यामुळे मी त्या ‘नुसता’पाशीच अडलो. माळाला आपल्या भाषेने विशेषणे तरी कोणती दिली आहेत? ओसाड, उजाड, भकास. सातबाऱ्यावर त्याचे नाव ‘पोटखराबा’, सरकारी कागदात ‘पडीक’. पडीक म्हणजे पडून राहिलेले. कोणीतरी उचलून कामाला लावावे म्हणून खोळंबलेले. जी जमीन सारा देत नाही ती वाया गेली, हा हिशेब इंग्रजी अमदानीत पक्का झाला, आणि साहेब गेल्यावरही आपण तो मोडला नाही. ‘गायरान’ आणि ‘कुरण’ हेही मराठीच शब्द. पण ते जनावरांमागे हिंडणाऱ्यांच्या तोंडचे. कागद लिहिणारे वेगळे.

असो. नान्नज सोलापूरहून बार्शीच्या रस्त्यावर सुमारे २० किलोमीटरवर आहे. सह्याद्री ओलांडताना रिते झालेले ढग इथवर येतात, तेव्हा त्यांच्यापाशी वर्षाकाठी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस उरतो. जमीन मुरमाड, मातीचा थर वीतभरसुद्धा नाही. अशा ठिकाणी मोठे झाड मुळे रोवू शकत नाही. गवत मात्र सुखाने राहते. पूर्वी इथे घनदाट अरण्य होते आणि कोणा करंट्याने ते तोडले, म्हणून माळ उरला, असे समजायचे कारण नाही. हा मुळातच गवताचा मुलूख आहे.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे ऊन वर येत होते आणि सारा माळ पिकल्या गव्हासारखा पिवळा दिसत होता. लांबून ते एकच गवत वाटते. आत पाऊल टाकल्यावर त्याचे तऱ्हेतऱ्हेचे पोत कळू लागतात. कुठे गुडघाभर पवन्या, कुठे धोतराला बिलगणारी कुसळी (माझी पाटलोण होती, तिलाही तिने सोडले नाही), कुठे मेंढ्यांनी गालिच्यासारखे कातरलेले पट्टे, मधूनच उघडा मुरूम. या उंचसखलपणातच माळाचे सारे मर्म आहे. उंच गवतात तित्तिर दडतो, उघड्या मुरमावर टिटवी आणि धाविक अंडी घालतात, आखूड गवतात चंडोल किडे टिपतो. घराला जशी ओसरी, माजघर, कोठीची खोली, तशीच माळाची ही दालने. आपल्याला भिंती दिसत नाहीत, एवढेच.

या घराचा यजमान म्हणजे माळढोक. ‘ढोक’ हे पाणथळीत उभ्या असणाऱ्या बगळ्याच्या जातीच्या मोठ्या पक्ष्यांचे नाव. तसाच उंच पायांचा पण पाण्याऐवजी माळावर फिरणारा, म्हणून माळढोक. लोकांनी किती नेमके बारसे केले आहे! नर मीटरभर उंच, वजनाला पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजन फार थोड्यांचे. हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे डॉ. सालिम अली यांचे मत होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. पिसाऱ्यापुढे याचा साधा तपकिरी अंगरखा कसा टिकणार?

त्याला ही सगळी दालने लागतात. नर आखूड गवताच्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी फुगवतो आणि घुमतो. मादीला तो दुरून दिसला पाहिजे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर, थोड्या वाढलेल्या गवताच्या आडोशाने. भोवतीची ज्वारी, करडई, हरभऱ्याची कोरडवाहू शेते त्याच्या दृष्टीने माळाचाच पुढला भाग. तिथे टोळ, नाकतोडे भरपूर. शत्रूपासून त्याचा बचाव एकच: लांबवर मोकळी नजर.

त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांत अडचणी येऊ लागल्या, तेव्हा शेतकरी पक्ष्यावरच चिडला, आणि त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर नकाशावरच्या रेषेआतले रूप पालटले होते. १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, कालवे आले, बोअर पडले, आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्वारीचे रान पक्ष्याला ओलांडता येते. बारा फुटी ऊस ही त्याच्या लेखी भिंतच. नगरकडच्या उसात बिबट्याने संसार थाटला तो याच आडोशामुळे; एकाला जे घर, ते दुसऱ्याला कोंडवाडा. वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी एवढे जड धूड चटकन वळत नाही.

आणि माळावर झाडे लावली गेली. सद्हेतूनेच. गिरिपुष्पाच्या रांगा मी स्वतः पाहिल्या. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्या पाहून बरे वाटेल. आमच्या कॉलेजची मुलेही दर पावसाळ्यात वृक्षारोपणासाठी असाच ‘रिकामा’ माळ शोधतात. झाड आले की फांदीवर कावळा येतो आणि खालचे अंडे त्याला दिसते. बुलबुल, साळुंक्या, सातभाई येतात. मोजणाऱ्याच्या वहीत नावे वाढतात, आणि जैवविविधता वाढली असे म्हणायला तो मोकळा होतो. पण बुलबुल माझ्या पुण्याच्या गॅलरीतही आहे. धाविक तिथे कधी येणार नाही, आणि इथून गेला तर त्याला जायला दुसरी जागा फारशी नाही. देशभरात माळढोक आता दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजच्या अलीकडच्या गणनांतून एखाद्या मादीपलीकडे नोंद होत नाही.

आम्हाला तीही दिसली नाही. काळविटांचा कळप दिसला. मेंढ्यांमागे असलेल्या एका म्हाताऱ्या धनगराला लांडग्याविषयी विचारले, तर तो म्हणाला, “हाय की. वरसाला चार मेंढरं नेतोय. त्याचा बी वाटा असतोय, मास्तर.” संध्याकाळी भोवत्या पक्षी आले. मध्य आशियातून हिवाळ्यापुरते येणारे हे शिकारी पक्षी झाडावर निजत नाहीत. माळावर दोन-तीन घिरट्या घालून एकेक करून गवतात उतरतात आणि दिसेनासे होतात. मेहुणे पहिल्यांदाच गप्प झाले.

परतताना त्यांनी आपल्या चार एकरांचा विषय काढला. माळाच्या कडेला, मुरमाड, वडिलांपासून गुरे चारायला ठेवलेले. यंत्र लावून सपाट करायचे, तळ्याचा गाळ टाकायचा, पाइप ओढायचा आणि ऊस लावायचा, असा बेत. थोरली इंजिनिअरिंगला आहे. फी डोळ्यांत पाणी आणणारी. “गवताचं काय येतंय दाजी, सांगा की,” ते म्हणाले. मी चाऱ्याच्या पेंढ्यांचा भाव विचारला, शेळ्यांचा हिशेब मांडून पाहिला. उसाच्या बेरजेपर्यंत तो काही पोचला नाही. मग आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही.

यंदा पाइपाला पैसे कमी पडले, असे त्यांनी परवा फोनवर सांगितले. चार एकरांत कुसळी कमरेएवढी झाली आहे. कापणी दिवाळीनंतर, मधला पट्टा भोवत्यांसाठी उभा ठेवता येईल का, असे त्यांनी आपणहून विचारले, आणि लगेच, पाडव्याला येताना पुण्याहून बाकरवडी आणायला सांगितली.