हसवण्याची मुभा कुणाला?

मुनव्वर फारुकी हे नाव आमच्या मोहल्ल्यात दोन सुरांत घेतलं जातं. पोरं घेतात तेव्हा कौतुकाने. आई-बाप घेतात तेव्हा जरा दबक्या आवाजात. विश्रांतवाडीत माझ्याकडे उर्दू आणि मराठीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांना गालिबचा एक शेर धड पाठ होत नाही, पण मुनव्वरची दहा मिनिटं मात्र श्वास कुठे घ्यायचा यासकट पाठ असतात. त्यामुळे या तरुणाबद्दल एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मुनव्वरचा जन्म २८ जानेवारी १९९२ चा, गुजरातमधल्या जुनागढचा. २००२ च्या दंगलीत घर गेलं. २००७ मध्ये आई गेली. तिने स्वतःच आयुष्य संपवलं होतं, हे त्याने पुढे एका टीव्ही शोमध्ये सांगितलं. त्यानंतर तो मुंबईत डोंगरीला आला. वडील आजारी पडल्यावर शिकायच्या वयात त्याने भांड्यांच्या दुकानात काम केलं, पुढे ग्राफिक डिझाइन शिकून त्यावर पोट भरलं. आपल्या वस्त्यांमध्ये अशी मुलं शेकड्याने सापडतात. फरक एवढाच की याने एक दिवस माइक हातात घेतला.

स्टँड-अप हा तसा गरिबाचा धंदा. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, सोबतीला नट नाहीत. एक माणूस, एक माइक, समोर चाळीस-पन्नास खुर्च्या. भांडवल म्हणजे स्वतःचं आयुष्य. मुनव्वरकडे हे भांडवल भरपूर होतं. सिनेमावाल्यांनी डोंगरी म्हणजे फक्त दाऊद आणि गँगवॉर करून ठेवली होती. तिथेच राहणारा पोरगा उभा राहून त्याच प्रतिमेची मजा घेऊ लागला, तेव्हा लोक मोकळेपणाने हसले. २०२० पासून त्याचे यूट्यूबवरचे व्हिडिओ घरोघरी पोहोचले. त्यात राजकारण होतं, दंगली होत्या, मुसलमान असणं होतं.

मग १ जानेवारी २०२१ चा दिवस उजाडला. इंदूरच्या एका कॅफेत त्याचा कार्यक्रम होता. भाजपच्या स्थानिक आमदारांचे चिरंजीव साथीदारांसह तिथे आले, कार्यक्रम थांबवला आणि देवदेवतांचा व अमित शहांचा अपमान केल्याची तक्रार दिली. मुनव्वर आणि त्याच्यासोबतच्या काही तरुणांना अटक झाली. त्या संध्याकाळी त्याने असा विनोद केल्याचा व्हिडिओ पुरावा नाही, असं पोलिसांनीच तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. तरी जामीन मिळेना. २८ जानेवारीला उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने अर्ज फेटाळला. तो त्याचा एकोणतिसावा वाढदिवस होता.

अखेर ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने अंतरिम जामीन दिला. अटकेपूर्वी कायद्याने जी प्रक्रिया पाळायची असते ती पाळलेली दिसत नाही, हा मुद्दा तिथे निर्णायक ठरला. दुसऱ्या दिवशी उशिरा रात्री तो बाहेर आला. एकूण ३७ दिवस.

आमच्या विश्रांतवाडीपासून येरवड्याचा तुरुंग हाकेच्या अंतरावर आहे. मुलाखतीच्या वेळी पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाया आम्ही लहानपणापासून पाहतो. त्यामुळे ३७ दिवस म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या रात्री पकडलेले सगळे मुसलमान नव्हते. नलिन यादवसारखा पोरगाही त्यांत होता. सुटल्यावर त्याला काम मिळेना आणि मजुरी करावी लागली, अशा बातम्या पुढे आल्या. मुनव्वरचं नाव झालं, नलिनचं तेवढंही झालं नाही. तेव्हा हा प्रश्न फक्त ‘आपल्या’ माणसाचा म्हणून मांडला तर तो अर्धाच मांडला जातो.

तुरुंगातून सुटला म्हणून मुनव्वर मोकळा झाला नाही. २८ नोव्हेंबर २०२१ ला बंगळुरूचा कार्यक्रम पोलिसांच्या सांगण्यावरून रद्द झाला. दोन महिन्यांत धमक्यांमुळे बारा कार्यक्रम रद्द झाले, असं त्याने लिहिलं आणि द्वेष जिंकला, कलाकार हरला, असं म्हणून निरोप घेतला. त्या दिवशी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. एका सहकाऱ्याने फक्त हात जोडल्याची खूण टाकली. निषेध म्हणून की सुटका झाली म्हणून, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण तो परत आला, तोही टीव्हीच्या दाराने. मे २०२२ मध्ये कंगना राणावत सूत्रसंचालन करत असलेला ‘लॉक अप’ त्याने जिंकला. २८ जानेवारी २०२४ ला ‘बिग बॉस’चा सतरावा हंगाम जिंकला. पुन्हा वाढदिवसच, बत्तिसावा. ५० लाख रुपये आणि गाडी मिळाली, आणि ट्रॉफी घेऊन तो डोंगरीत आला तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला न्यायालयाने त्याला जामीन नाकारला होता. घरात कोंडलेल्या माणसांची भांडणं दाखवणाऱ्या त्या कार्यक्रमात त्याच्या विनोदापेक्षा त्याच्या खासगी आयुष्याची चर्चा जास्त झाली, हेही खरं.

याच काळात माझ्या एका विद्यार्थ्याची आई मला भेटायला आली. पोरगा नववीत. पीएमपीच्या कंडक्टरपासून मस्जिदीच्या मुतवल्लींपर्यंत सगळ्यांची हुबेहूब नक्कल करतो. ती म्हणाली, “टीचर, इसको जरा समझाव ना. वो मुनव्वर के जैसा हो गया तो?”

मी विचारलं, “कौनसा मुनव्वर? जेलवाला की गाडीवाला?”

ती हसली. म्हणाली, “गाडीवाला तो सबको चलेगा टीचर. पर बीच में जेल आता ना.”

मी बी.एड. केलं तेव्हा मुलांना बोलतं कसं करावं, हे आम्हाला शिकवलं होतं. बोलत्या पोराला घरी कसं सुखरूप ठेवावं, यावर एकही धडा नव्हता.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२४ मध्ये तळोज्याच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी गप्पा मारताना मुनव्वर कोकणी लोकांबद्दल एक अश्लील शब्द बोलून गेला. व्हिडिओ पसरला. माझं सासर चिपळूणचं. घरच्या ग्रुपवर आग लागली. नणंद म्हणाली, “हा कोण लागून गेला आम्हाला शिव्या देणारा?” आमच्या शेजारचे मालवणचे काका, जे एरवी माझ्याशी पाऊस आणि मासळी सोडून बोलत नाहीत, तेही तावातावाने तेच म्हणाले. कोकणी हिंदू आणि कोकणी मुसलमान इतक्या एकदिलाने चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. काही राजकीय मंडळींनी नेहमीप्रमाणे त्याला धडा शिकवण्याची भाषा केली. मुनव्वरने व्हिडिओ करून माफी मागितली.

माफी मागितली ते योग्यच केलं. तो शब्द वाईट होता, आणि त्यात विनोदही फारसा नव्हता. पण आमच्यातल्याच काही जणांनी “बरं झालं, आता पडू दे मार” असं लिहिलं, ते मला पटलं नाही. इंदूरला आपण म्हणालो की बोलण्याला उत्तर बोलण्याने द्या, पोलिसाने नको. मग चिपळूणचं नाव आल्यावर हा नियम बदलायचा का? नणंदेने त्याला चार खणखणीत कोकणी शब्द सुनावले, तेवढं उत्तर पुरेसं होतं. ती त्याच्यापेक्षा विनोदीही बोलली.

हसण्या-हसवण्याची आपली परंपरा काही आजची नाही. १८५७ नंतर गालिबला इंग्रज कर्नलपुढे उभं केलं तेव्हा ‘मुसलमान आहेस का’ या प्रश्नावर तो ‘अर्धा’ म्हणाला. दारू पितो, डुक्कर खात नाही. आपल्या जालन्यात जन्मलेले यूसुफ नाझिम आयुष्यभर उर्दूत विनोदी लिहीत राहिले. आणि मराठीत तर संत एकनाथांचं ‘हिंदू-तुर्क संवाद’ आहे. त्यात दोघं एकमेकांच्या धर्मावर अशी काही टोलेबाजी करतात की आज ती रंगमंचावर आणली तर दोन्हीकडून तक्रार जाईल. शेवटी मात्र ते एकमेकांना भेटतात. पैठणच्या ब्राह्मणाने सोळाव्या शतकात हे लिहिलं आणि आपण त्याला संत म्हणतो.

तो नववीतला पोरगा गॅदरिंगमध्ये पाच मिनिटं बोलणार होता. आधी माझ्याकडे यादी घेऊन आला. नेत्यांची नावं त्याने स्वतःच खोडली होती. मी काही सांगायच्या आधीच. मुतवल्ली साहेबांवर चालेल का, ते तर आपले आहेत, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते समोर बसलेले असतील आणि त्यांनाही हसू येईल असं कर. एक विनोद मात्र मी हट्टाने ठेवायला लावला. तो असा:

“मला एका काकांनी विचारलं, मुसलमान असून मराठी इतकं छान कसं बोलतोस? मी म्हणालो, पुण्यात जन्मलो काका. तुम्ही? ते म्हणाले, सोलापूर. मी म्हणालो, तरी तुमचंही बरं आहे हो मराठी!”

सगळं सभागृह हसलं. सोलापूरचे आमचे एक सर सगळ्यांत मोठ्याने. कुणाचाच अपमान झाला नाही, आणि हा प्रश्न ऐकत मोठ्या झालेल्या आम्हा सगळ्यांचं काहीतरी हलकं झालं.

मुनव्वरचे सगळे विनोद मला आवडत नाहीत. काही अगदीच फुसके असतात, काहींत बायकांवरचा तोच शिळा माल असतो. एखादा फसला तर प्रेक्षकांनी हसू नये, उठून जावं, तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून बोंब मारावी. इतर कुठल्याही विनोदवीराच्या नशिबी असतं तेवढंच त्याच्याही नशिबी असावं. त्या पोराच्या आईला मी एवढंच सांगू शकले की तो वाईट बोलला तर कान मी धरीन, पण त्याचं बोलणं बंद करू नका. ती बरं म्हणाली. जाताना मात्र विचारलंच, “व्हिडिओ तो नहीं डालेगा ना टीचर, इंटरनेट पे?”