लांब बीप, आखूड बीप

आत्याचा कम्प्युटर बंद पडला की फोन अण्णांचा येतो. आत्या स्वतः करत नाही. नोकरीतल्या माणसाला भर दुपारी यंत्रासाठी अडवू नये, असं तिचं मत. अण्णांना असले विधिनिषेध नाहीत. "अरे, हिचा सीपीयू बोंबलला," एवढं सांगून ते गप्प होतात. पुढचं मी बोलायचं.

दोघं देवरुखजवळच्या एका वाडीत राहतात. आत्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाळेच्या शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा काम तिच्याच गळ्यात पडलं. जुन्या विद्यार्थ्यांनी पोस्टकार्डांवर, वहीच्या कागदांवर, एकाने तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून पाठवलेल्या आठवणी ती दुपारच्या चहानंतर टाइप करत बसते. मशीन माझंच जुनं. मी लॅपटॉप घेतला तेव्हा पुण्याहून गाडीत घालून नेऊन दिलं होतं.

श्रावणातले दिवस होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत घरात मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, काडेपेटीची काडी घासून घासून झिजते पण पेटत नाही. कम्प्युटरने तेवढं ताठ राहावं अशी अपेक्षा करणं जास्तीच आहे. त्यात आदल्या रात्री वीज चार वेळा गेली-आली होती. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला अण्णांनी फोनवरच लक्षणं सांगितली, आणि त्याने न बघताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगून टाकलं. नवीन घ्या, म्हणाला.

दुसऱ्याचा कम्प्युटर लांबून बघायच्या सोयी आता पुष्कळ आहेत. एनीडेस्क आहे, विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे. पण त्यांना यंत्र आधी सुरू झालेलं लागतं. (शिवाय एनीडेस्कचं नाव काढलं की आत्या सावध होते. त्या ॲपवरून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 साली इशारा दिला होता, ते कात्रण तिच्या पासबुकात आहे.) व्हिडिओ कॉल करावा, तर त्यांच्याकडे रेंज येते ती पडवीच्या एका कोपऱ्यात, तीही आवाजापुरती. कम्प्युटर माजघरात, खिडकीशी. त्यामुळे व्यवस्था अशी ठरली की अण्णा पडवीत फोन धरून उभे राहणार, मी सांगेन ते आत ओरडून सांगणार, आणि आत्या आतून म्हणेल ते मला कळवणार.

यातली अडचण अशी की अण्णा निरोप्याचं काम करत नाहीत, संपादकाचं करतात. आत्या आतून तीन वाक्यं बोलली की माझ्यापर्यंत एक पोहोचतं, तेही त्यांच्या मताचं.

"काय म्हणते ती?"

"चालू होत नाही म्हणते."

चालू होत नाही याचे निदान चार अर्थ होतात. डब्यात वीजच जात नाही, हा एक. वीज जाते, पंखा फिरतो, पण पडदा काळा, हा दुसरा. पडद्यावर काहीतरी येतं आणि विंडोज उघडायच्या आधी अडतं, हा तिसरा. आणि सगळं व्यवस्थित चालू आहे, फक्त हवी ती फाइल सापडत नाही, हा चौथा. नातेवाइकांच्या बाबतीत तो बराच आढळतो. प्रत्येकाची वाट वेगळी. म्हणून मी अण्णांना म्हटलं, तिला कारण विचारू नका, काय दिसतं आणि काय ऐकू येतं तेवढंच विचारा.

त्याआधी आत्याचा प्रश्न आला, आणि तो अण्णांनी न कापता पोहोचवला. "माझं टाइप केलेलं गेलं का रे?"

हे आधी मिटवावं लागतं, नाहीतर माणसाचे हात थरथरतात. मी म्हटलं, लिखाण हार्ड डिस्कवर आहे, आणि यंत्र जिथे अडकलंय तिथून डिस्कपर्यंत ते अजून पोहोचलेलंच नाही. सांगा तिला, घरातला माणूस जागा झाला नाही म्हणून कपाटातले दागिने जात नाहीत.

अण्णांनी आत सांगितलं, "काही गेलेलं नाही म्हणतो." दागिने वगळले.

पहिली शंका विजेची. यूपीएसमधून वीज येते का हे बघायला त्याच्यावर दुसरं काहीतरी लावून बघा म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "मिक्सर आणतो." मी जवळजवळ किंचाळलो. छोट्या यूपीएसला मिक्सरची मोटर झेपत नाही. देवघरातला झिरोचा दिवा लावायला सांगितलं, तो लागला. मग डब्याचं बटण दाबलं. आतून उत्तर आलं: पंखा फिरतोय, पुढचा निळा दिवा लागलाय, मॉनिटरचा दिवा केशरी.

केशरी दिव्याने बरंच कळलं. मॉनिटरला वीज आहे, पण डब्याकडून त्याला चित्र येत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट करून घेतली, काही बदललं नाही.

"आवाज काही?"

"यूपीएस ओरडतोय, बाकी काही नाही," अण्णा.

पण वीज होती, मग यूपीएस कशाला ओरडेल? मी म्हटलं, आत्याला डब्याला कान लावायला सांगा. यावेळी ती स्वतःच पडवीत आली, फोन घेतला आणि म्हणाली, "यूपीएस नाही तो. डब्यातून येतो. लांब सूर, मग एक श्वास थांबतो, परत तेवढाच लांब. आखूड एकही नाही. मी बराच वेळ ऐकलं, बदलत नाही."

एवढं नेमकं वर्णन मला ऑफिसातल्या इंजिनिअरांकडूनही क्वचित मिळतं. चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावरून कोण कुजबुजलं हे पाठमोरं राहून ओळखायची तिची सवय होती, ती कामी आली.

बटण दाबल्यावर कम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. ती झाल्याशिवाय पडद्यावर अक्षर उमटत नाही, म्हणून तोपर्यंतची तक्रार तो आवाजाने करतो. 1981 साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हापासूनची ही रीत. कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे बोर्ड बनवणाऱ्यांप्रमाणे बदलतं, पण आत्याकडचा बोर्ड ज्या काळातला आहे त्या काळात एकसारखी लांब बीप म्हणजे बहुतेकदा रॅम. रॅम जळलीच असेल असं नाही. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढतो, स्पर्श तुटतो, आणि यंत्राला रॅम बसवलेलीच नाही असं वाटतं. दुरुस्तीवाल्याचा मदरबोर्ड तूर्त बाजूला ठेवला.

आता डबा उघडायचा होता. यूपीएस बंद, वायर मागून उपसून काढायची, मग बटण थोडा वेळ दाबून धरायचं म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. अण्णांनी शिवणयंत्राच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर आणला. मागचे दोन स्क्रू काढून डावीकडची पाटी मागे सरकवा म्हटल्यावर बराच वेळ नुसती खडखड ऐकू आली, मग आत्याचा आवाज: "अगंबाई!"

मागच्या बाजूला एक कार्डाची फट उघडी होती, तिथून कुंभारीण आत शिरून तिने कोपऱ्यात मातीचं घर बांधलं होतं. बोटाएवढी तीन नळकांडी, ओळीने. अण्णा खराट्याची काडी घेऊन सरसावले, आत्याने अडवलं. कुंभारणीचं घर मोडायचं नसतं, असं तिचं म्हणणं. घर पत्र्याला चिकटलेलं होतं, बोर्डाला नाही, पंख्याच्या वाटेतही नव्हतं, त्यामुळे मीही आत्याच्या बाजूने बोललो. फट मात्र नंतर चिकटपट्टीने बंद करून घेतली.

न दिसणाऱ्या वस्तूचं वर्णन करायचं तर ऐकणाऱ्याच्या घरातली मापं वापरावी लागतात. "एक हिरवी पट्टी उभी खोचलेली असेल," मी म्हटलं, "अर्ध्या फूटपट्टीहून जरा कमी लांब. दोन्ही टोकांना पांढरे चिमटे."

"दोन आहेत. एक धूळवाली, एक जास्त धूळवाली."

चिमटे बाहेरच्या बाजूला दाबले की पट्टी आपोआप वर येते. आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज पत्र्यात जाते, चिपमध्ये जात नाही. पट्टी कडेला धरायची. "पदराने पुसू?" नको, साडी सिंथेटिक असेल तर तीच वीज परत. "फुंकर घालू?" तीही नको, फुंकरीत थुंकी असते. मग काय करू म्हणाली, तर म्हटलं, खोडरबर आहे?

माझ्या आत्याला खोडरबर आहे का विचारणं म्हणजे अण्णांना पान खाता का विचारणं. डबाभर निघाले. त्यातला पांढरा, मऊ, कोरा घेऊन सोनेरी दातांवरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचा, मग कोरड्या ब्रशने चुरा झटकायचा, खाचेपासून लांब. हे काम तिने किती निगुतीने केलं ते मला दिसलं नाही, पण अण्णा मध्येच म्हणाले, "आता ही ते पॉलिश करत बसणार, तू जेवून ये."

पट्टी परत बसवणं हा सगळ्यात अवघड भाग. तिला खाली एक खाच असते, ती मधोमध नसते, त्यामुळे पट्टी एकाच बाजूने बसते. ते तिला लगेच समजलं. पण बसवताना जोर लागतो, आणि तो जोर लावायला माणूस घाबरतो, कारण बोर्ड खाली वाकतो. चिमटे हाताने लावायचे नाहीत, पट्टी पूर्ण आत गेली की ते आपले आपण टक् करून मिटतात. आत्या म्हणाली, मोडेल. मी म्हटलं, अंगठे दोन्ही टोकांना, आणि दाब. पडवीपर्यंत पहिला टक् ऐकू आला. दुसऱ्यासाठी अण्णा आत गेले आणि फोनवर नुसता पाऊस ऐकू येत राहिला.

सुरुवातीला एकच पट्टी लावून बघितलं, म्हणजे दोन्हींपैकी एखादी खरंच गेलेली असेल तर कळेल. वायर लावली, बटण दाबलं. आतून आत्या ओरडली, "आखूड! एकच आखूड!" एक आखूड बीप म्हणजे तपासणी पार पडली. मग दुसरीही लावली, तीही चालली.

पडद्यावर अक्षरं आली, पण विंडोज नाही. आत्याने एकेक अक्षर वाचून दाखवलं: सीमॉस चेकसम, आणि पुढे जायला एफ-वन दाबा. तारीख 1 जानेवारी 2009.

"2009 साली मी नोकरीत होते," आत्या म्हणाली. "पगार मिळणार असेल तर राहू दे."

वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला बोर्डावर नाण्यासारखा एक सेल असतो, तो संपला होता. भिंतीवरचं बटण रोज रात्री बंद करायची अण्णांची शिस्त. त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवर. तारीख चुकीची राहिली तर टायपिंग होतं, पण बँकेची वगैरे वेबसाइट उघडत नाही. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि 2009 सालात बसलेल्या कम्प्युटरला ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं. इंटरनेट बिघडलं म्हणून लोक कंपनीला शिव्या देतात, तेव्हा कधीकधी दोष या सेलचा असतो. सेलचा नंबर सीआर 2032, म्हणजे 20 मिलिमीटर रुंद आणि 3.2 मिलिमीटर जाड. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो, हे कळल्यावर अण्णांना सबंध प्रकरणात पहिल्यांदा रस वाटला, कारण घड्याळवाल्याच्या शेजारी पानाची टपरी आहे.

तोपर्यंत तारीख हाताने घालून काम भागवलं. स्मरणिकेची फाइल उघडली, लग्नपत्रिकेवाल्याचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत होता. फोन ठेवायच्या आधी मी तिला फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला लावली, आणि पेनड्राइव्ह कम्प्युटरच्या टेबलावर नाही, धान्याच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला सांगितला.

हे सगळं तिने एका वहीत उतरवून ठेवलंय, स्वतःच्या शब्दांत. पहिली ओळ: मॉनिटरचा दिवा कोणता रंग? दुसरी: बीप लांब की आखूड, मोजून घेणे. रॅमला तिने "हिरवी फूटपट्टी" लिहिलंय. गणपतीनंतर लांज्याच्या तिच्या एका मैत्रिणीचा कम्प्युटर असाच बंद पडला, तेव्हा आत्याने वही उघडून तिला फोनवरून विचारायला सुरुवात केली. दिवा कोणता, तर दिवाच नाही. बीप, तर नाही. पंखा, तोही नाही. वहीतलं सगळं संपलं तसं तिने मला मध्ये न घेता आपलं डोकं चालवलं आणि मैत्रिणीला डब्याच्या मागे, वायर जिथे खोचतात तिथे, एखादं छोटं बटण आहे का ते बघायला सांगितलं. होतं. साफसफाई करताना कुणाचातरी हात लागून बंद झालं होतं. ती नोंद आता वहीत रंगाच्या प्रश्नाच्याही वर, समासात, लाल शाईने आहे.