नुसती लहर नव्हे

'लहर' हा आपल्या मराठीतला मोठा लाडका शब्द. लहर लागली की माणूस गातो, फिरली की जेवत नाही. पण माझ्या भाच्याचे दुखणे काही या शब्दात मावेना. एकविसाव्या वर्षी तो रात्र रात्र जागू लागला. उसने पैसे काढून एकदम तीन धंदे मांडायला निघाला. आप्त म्हणाले, "पोरगा कर्तबगार निघाला!" पुढे तोच महिनाभर अंथरुणातून उठेना. तेच आप्त म्हणाले, "आळशी आहे." एकाच आजाराला एकदा शाबासकी, एकदा शिवी!

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले : द्विध्रुवीय विकार. औषध लिथियमचे क्षार. उन्मादाच्या रोग्यांना त्यांचा गुण येतो, हे जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. मात्रा थोडी वाढली तरी हे औषध बाधते. म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते.

ताईला मात्र शेजारणीचीच धास्ती अधिक. मेहुण्यांचा मधुमेह ती चारचौघांत सांगते. मुलाच्या गोळ्या डब्यामागे लपवते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विम्यातसुद्धा मनाचा आजार शरीराच्या आजाराच्या पंक्तीला बसवला. आमच्या घरात त्याचे पान अजून वेगळेच!

भाचा आता नोकरीवर जातो. परवा तो मोठ्याने हसला, तशी ताई दचकून त्याच्याकडे पाहू लागली. तो हळूच मला म्हणाला, "मामा, मला नुसता आनंद झाला तर चालेल ना?"

मी म्हटले, "अरे, त्यासाठीच तर ती गोळी!"